ज्वारीचे मोड आणि धोंड्याचं आवतण

अनारशाचे तांदूळ भिजत घातले की तिसऱ्या दिवशी त्यांना एक वास येतो. आंबूस म्हणावा तर तेवढा आंबूस नाही, गोड म्हणावा तर नाकाला जरा चावतो. ज्यांनी अनारसे केलेत त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी केले नाहीत त्यांना सांगून कळायचं नाही. तर त्या वर्षी दिवाळीत आम्ही नवराबायको लेकीकडं पुण्याला गेलो होतो, आणि तिच्या न्हाणीघरात मला नेमका तोच वास आला. म्हणलं, अनारशाचं नाव काढलं की पळणारी ही पोरगी, हिनं कधी तांदूळ भिजवले?

तांदूळ नव्हतेच ते. कोपऱ्यात पांढरं प्लास्टिकचं पिंप होतं. झाकणाला एक वाकडी नळी, नळीत घोटभर पाणी, आणि थोड्या थोड्या वेळानं त्या पाण्यातनं एक बुडबुडा वर यायचा. बुडुक. मी हात धुवायचे सोडून बघत उभी राहिले. दहाबारा बुडबुडे तरी मोजले असतील. तेवढ्यात माझ्यामागनं आमचे मालक हात धुवायला आले.

मालकांचं थोडं सांगायला पाहिजे. आमचं घर सणसरच्या शिवारात, रान सगळं उसाचं. मालकांनी मात्र उभी हयात साखर कारखान्यात पॅनवर काढली. पॅन म्हणजे जिथं रस आटून साखरेचा दाणा धरतो ते मोठं भांडं. दाणा धरला का नाही हे काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन उजेडाला बघायचं, आणि ते बघणारे हे. त्यामुळं गोड पाण्याचं कधी काय होतं, हे या माणसाला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी नळीकडं बघितलं, एकदा वास घेतला आणि बाहेर जाऊन जावयाला विचारलं, आतमधी काय घातलंय म्हणून.

जावई आमचा भोळा. कॉम्प्युटरवर दिवस काढणारा माणूस, त्याला वाटलं सासरे कौतुकानं विचारतायत. तो उत्साहानं सांगायला लागला की मामा, बिअर आहे, मी घरीच करतो, हौस म्हणून.

"परवाना हाय का?" मालकांनी विचारलं.

नव्हता. घरच्यापुरतीच तर करतो, असं काहीतरी तो म्हणाला.

ताटं वाढलेली होती. मालकांनी आपल्या ताटाला हात जोडले आणि उठले. लेक दारापर्यंत आली, तिच्या हातात वाढायची पळी तशीच होती. "ज्या घरात दारू गाळत्यात त्या घरचं पाणी मला नको," एवढंच म्हणाले, आणि आम्ही स्वारगेटला येऊन बारामतीची एसटी धरली. मला पोरीचं तोंड डोळ्यापुढनं जात नव्हतं. पण खोटं कशाला सांगू, अर्धं डोकं माझं त्या बुडबुड्यातही अडकलं होतं. अनारशाचा वास दारूला कसा काय?

त्या दिवसापासनं सासरा-जावई बोलणं बंद. लेक यायची, पण एकटी. सकाळच्या गाडीनं यायची, चार घास खायची आणि दिवस मावळायच्या आत परत. मुक्कामाला राहा म्हणलं की म्हणायची, "आई, त्याला न बोलवलेल्या घरात मी पसरून झोपू?" मालक ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि रानातल्या पाण्याच्या पाटाकडं निघून जायचे.

असं करता करता अधिक महिना तोंडावर आला. अधिकात जावयाला बोलवायचं, धोंडे करून घालायचे, तेहतीस अनारसे आणि दिवा वाण म्हणून द्यायचा, ही आपल्याकडची रीत. धोंडे म्हणजे कणकेचे पुरण भरलेले गोळे. अधिक येतो तीन वर्षांतनं एकदा, हा चुकला की पुढं तीन वर्षं बघायला नको. मी लेकीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, तू बोलवून तो येणार नाही. ताटावरनं आबा उठले होते. आबांनी स्वतःच्या तोंडानं बोलवलं तर आम्ही दोघं येऊ, नाहीतर मीसुद्धा आता नाही येत." पोरगी माझीच आहे, बोलल्याप्रमाणं करणारी. आणि मालक असे की वाळलेला ऊस एक वेळ वाकेल.

आता मी काय करणार होते? काही नाही. पण दुपारी मालक पारावर गेले की मी जावयाला फोन लावायला लागले. समेट वगैरे माझ्या डोक्यात नव्हतं, ते माझ्या हातचं नव्हतंच. मला त्या बुडबुड्याचं विचारायचं होतं.

पहिल्या दिवशी तो बिचारा दबून बोलत होता. मामी, मी ते पिंप तेव्हाच घरातनं काढलं, असंच सुरुवातीला म्हणाला. पुण्यात त्याच्या मित्राचा बिअर करायचा रीतसर परवान्याचा कारखाना आहे, रविवारी तिथं जाऊन एका कोपऱ्यात आपलं हंडाभर करतो. म्हणलं, हे मामांना सांगितलंस का? तर म्हणाला, सांगणार कसं, ते फोन कुठं घेतात. म्हणलं ते राहू दे, मला आधी हे सांग, त्यात पडतं काय? मला वाटत होतं नवसागर, काळा गूळ, काय काय असेल. तर म्हणाला, सातू, म्हणजे जव.

"मामी, सातू भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे. मग भरडायचे, गरम पाण्यात ठेवायचे, गाळायचे आणि उकळायचे."

मी म्हणलं, अरे, हे तर सत्व झालं. लेकीला लहानपणी मी नाचणीचं करायचे ते, आणखी वेगळं काय? तो हसायला लागला. म्हणाला, तिथपर्यंत सत्वच आहे, पुढं गार करून त्यात यीस्ट टाकलं की बिअर. म्हणजे बघा, सगळी गंमत मोडात. दाण्यात नुसतं पीठ असतं, मोड आला की त्या पिठाची साखर व्हायला लागते, आणि ती साखर खाऊन यीस्ट बुडबुडे सोडतं. मी जन्मभर मोड आणले, मटकीला, मुगाला, नाचणीला. मोड आल्यावर धान्य गोडसर लागतं हे जिभेला माहीत होतं. का लागतं, हे मात्र एवढं वय झाल्यावर जावयाकडनं कळलं. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी भाजीत मीठ घालायचं राहिलं.

मग मला चैन पडेना. बारामतीला बाजारला गेले तेव्हा किराणा दुकानातनं दोन किलो सातू आणले आणि भिजवून फडक्यात बांधले. दोन दिवस झाले, तीन झाले, मोडाचा पत्ता नाही. चौथ्या दिवशी असा वास सुटला की शेजारीण विचारायला आली, काय मेलंय का म्हणून. फोन केला तर जावई म्हणतो, मामी, ते सोललेले असतील, त्यांचं नाक कापलेलं असतं, ते कसे उगवणार. हे आधी सांगायचं का नाही? सगळे खड्ड्यात घातले. पण मी ईर्षेला पेटले होते. विचारलं, ज्वारी चालते का रे? तो म्हणाला थांबा, बघून सांगतो. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन. आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीचीच करतात म्हणे.

ज्वारीला काय तोटा. माझं माहेर मोरगावकडचं, कोरडवाहू, भाऊ दरसाल मालदांडी ज्वारीचं एक पोतं पाठवतो. त्यातली चार शेर घेतली. इकडं अधिक लागलाच होता, तर तांदूळही भिजत घातले. कोण येणार, कोण नाही, माहीत नव्हतं. पण अनारशाचं पीठ आधी मुरवावं लागतं, आयत्या वेळी होत नाही. न्हाणीशेजारच्या ओट्यावर एका पातेल्यात तांदूळ, एका पातेल्यात ज्वारी. दोन्हींचं पाणी रोज बदलायचं. मालकांना वाटलं दोन्ही अनारशाचंच.

पुढं तांदूळ निथळून, सुकवून, कुटून झाले. ज्वारी ओल्या पोत्याखाली. जावयानं सांगितलं होतं की मोड दाण्याएवढा लांब झाला की बस, मग तसंच वाळवून सगळं भरडायचं. पण त्या दोन दिवसांत माझी पीठ चाळायची गडबड, आणि उन्हाळ्याची उष्णता. पोतं उचललं तर मोड बोटभर झालेले, टोकाला हिरवी झाक, मुळ्या एकमेकांत अडकून सगळ्याची गोधडी झालेली. मला तर छानच वाटलं. जेवढा मोड मोठा तेवढी गोडी जास्त, असा माझा हिशेब. उचलून गच्चीवर वाळायला टाकणार, तेवढ्यात मालक आले.

"हे काय हाय?"

खोटं बोलायची मला सवय नाही. म्हणलं ज्वारी हाय, मोड आणलेत, वाळवून पुण्याला द्यायची, जावयाला.

मला वाटलं आता हे पोतं लाथेनं उडवतील. ते खाली बसले. एक दाणा उचलला, उजेडाला धरला, पॅनवर थेंब धरायचे तसा. मोड नखानं तोडला. मग हळूच म्हणाले, "पोरगी पिती का हे?"

म्हणलं चव घेते म्हणाली होती कधीतरी.

"तुला किराळ ठाऊक न्हाय व्हय गं? मोरगावची ना तू?"

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. किराळ मला ठाऊक नाही असं कसं होईल. ज्वारी काढून नेल्यावर खोडांना जे कोवळे पोंगे फुटतात, ते गुरानं खाल्ले की फुगतं, तोंडाला फेस येतो आणि बघता बघता आडवं होतं. त्याला किराळ लागली म्हणतात. लहानपणी आम्हाला ज्वारीच्या रानात गुरं सोडायची नाहीत म्हणून दटावायचे. पण शेतातला पोंगा आणि माझ्या पोत्याखालचा मोड एकच, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मोड म्हणजे चांगला, एवढंच जन्मभर शिकले होते. मटकीचा मोड कुणाला मारत नाही ना.

मालकांनी पोरवयात एक कालवड अशी घालवली होती. आईनं सांगितलेलं विसरून ज्वारीच्या खोडव्यात सोडली. लग्नाला इतकी वर्षं झाली, ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली होती. त्या दिवशी परत सांगितली नाही, पण ते त्या मोडाकडं बघत होते त्यावरनं मला कळलं कुठं पोचलेत ते.

"त्यांनी याआधी ज्वारीची केली का?" मला विचारलं.

म्हणलं मला काय माहीत, विचारावं लागेल.

"लाव फोन."

मी लावला. मला वाटलं मीच विचारायचं. तर हात पुढं केला. मी फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडनं जावई "बोला मामी" म्हणाला.

"मामी न्हाय. मी बोलतोय."

मी कान देऊन उभी.

"जावईबापू, ज्वारीची केली का तुमी कधी?"

नाही म्हणाला असावा, कारण यांचा खांदा जरा सैल पडला.

"मंग ऐका. ज्वारीचा कोंब ठेवायचा न्हाय. मूळ बी न्हाय. वाळवून चोळून समदं काढायचं, नुसता दाणा ठेवायचा. सातूचं गणित ज्वारीला लावू नका. कोवळ्या ज्वारीनं गुरं मरत्यात."

मग तिकडनं तो काहीतरी भराभर विचारत होता, आणि हे "व्हय", "न्हाय" करत होते. मध्येच म्हणाले थांबा, आणि फोन माझ्याकडं देऊन आपल्या फोनवरनं जनावरांच्या डॉक्टरला लावला. डॉक्टरला विचारतात, किराळ माणसाला लागती का? डॉक्टर घाबरला, त्याला वाटलं कुणाला लागली. सगळं समजावल्यावर तो म्हणाला की विष मुख्य कोंबातच, ते पार काढा, कडक वाळवा आणि झाकण न ठेवता चांगलं रटरटा उकळा. हे बोटभर वाढलेलं मात्र टाकूनच द्या. ते यांनी परत जावयाला शब्दाला शब्द सांगितलं. मला तर हसू आवरेना. एवढ्या दिवसांचा अबोला, आणि मोडला कशानं, तर जनावरांच्या डॉक्टरनं.

ती सगळी ज्वारी मालकांनी स्वतः खोल खड्ड्यात पुरली. उकिरड्यावर टाकू दिली नाही, म्हणाले शेजारच्याच्या शेळीनं तोंड घातलं तर. मला वाटलं विषय संपला. तर दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणतात, चार शेर परत भिजव. मी लगेच पातेलं काढलं. या खेपेला मोडावर पहारा त्यांचाच. सकाळ-संध्याकाळ पोतं उचलून बघायचे, पाणी शिंपडायचे, हात घालून उष्णता बघायचे. दाण्याएवढा मोड आला तशी गच्चीवर पसरली. दोन दिवस कडक उन्हात वाळली, मग गोणपाटावर घालून दोघांनी चोळली. मी सुपानं पाखडत होते, मोड आणि मुळ्या कोंड्यासारख्या उडत होत्या. हे एकेक मूठ हातावर घेऊन तपासायचे. एक दाणा दाताखाली धरला, चावला आणि थांबले.

"गोड लागतंय गं."

म्हणलं, मग मी काय सांगत होते.

दुपारी फोन त्यांनीच लावला. मी भाकरी थापत होते, त्यामुळं ऐकायला आपोआप आलं. दाणा गोड लागतोय म्हणाले. मग विचारलं, शिजवून गाळल्यावर ब्रिक्स किती येतो तुमच्याकडं? ब्रिक्स म्हणजे रसात गोडी किती ते मोजायचं माप, कारखान्यात दिवसभर हाच शब्द. जावयालाही तो माहीत निघाला. तो म्हणाला, मामा, आमच्याकडंही ब्रिक्सच बघतात. बस, मग काय विचारता. अर्धा तास. माझ्या भाकरी होऊन, झाकून, तवा गार झाला. शेवटी शेवटी हे म्हणाले,

"ब्रिक्स मोजायचं माझ्याकडं आता काय न्हाय. तुमच्याकडं असंल तर घेऊन या. आइतवारी या. पोरीला बी आणा. धोंडा हाय."

एवढं बोलून फोन ठेवला आणि माझ्याकडं न बघता जेवायला बसले. मी ताट वाढलं. थोड्या वेळात माझा फोन वाजला, लेकीचा. जावयानं तिला लगेच सांगितलं होतं. म्हणलं, ऐकलंस ना? मग पुरणाची डाळ घालते.

रविवारी दोघं आले. जावई दारात जरा घुटमळला. त्याच्या पायावर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. आत आल्या आल्या यांनी विचारलं, आणलंय का? त्यानं खिशातनं पेनाएवढी वस्तू काढली. थेंब टाकायचा आणि डोळ्याला लावून उजेडाकडं बघायचं. मालक ती हातात घेऊन कितीतरी वेळ उलटीपालटी करत होते.

मागच्या अंगणात चुलीवर पातेलं ठेवलं. भरडा गरम पाण्यात झाकून तास-दीड तास ठेवला. आधी ते नुसतं पिठूळ पाणी होतं, चमच्यानं चाखलं तर पेजेसारखं सपक. मग दर थोड्या वेळानं चाखत गेले आणि माझ्या जिभेखाली ते गोड होत गेलं, साखरेचा कण न घालता. मी लेकीला हाक मारून मारून चाखायला लावलं. मग फडक्यानं गाळलं, झाकण न ठेवता उकळलं, आणि मालकांनी थेंब टाकून मापातनं बघितलं.

"तेरा," म्हणाले. "आमच्या उसाला याच्या दीडपट येतं."

"मामा, मला पहिल्या वर्षी सातूला दहासुद्धा येत नव्हतं," जावई म्हणाला. "मोड तुम्ही चांगला आणलाय."

मालकांनी मान हलवली. खूश झाले की ते मान हलवतात, हसत नाहीत. मग जावयानं परवान्याचं सांगितलं. घरातलं पिंप कधीच काढलं, मित्राच्या कारखान्यात करतो, हे सगळं. हे ऐकत होते. म्हणाले, "मंग तवाच सांगायचं." तो म्हणाला, "तेव्हा तुम्ही फोन घेत नव्हता." यावर हे माझ्याकडं बघायला लागले, जसं काही मी फोन अडवला होता.

मी त्या कोमट गोड पाण्यात चिमूटभर सुंठ घातली आणि चार फुलपात्रं भरली. मालकांनी आपलं फुलपात्र उचललं, वास घेतला, आणि घोटाघोटानं सगळं प्यायले. पिऊन झाल्यावर ते पालथं घालून म्हणाले,

"हितपर्यंत माझं. हितनं पुढं यीस्ट टाकायचं ते तुमचं तुमी बघा, पुण्यात. मला त्यातलं देऊ नका, पण कसं होतं ते सांगत जावा."

पानं मांडली. जावयाचा पाट मालकांनी स्वतः ओढून आपल्या पाटाला लावून घेतला. धोंडे वाढले, तूप वाढलं. तेहतीस अनारसे ताटात रचून दिवा ठेवला. ते खरं तर बत्तीसच होते. एक सकाळी मालकांनी मोडून बघितला होता, जाळी कशी पडलीय ते उजेडाला धरून. मी घाईनं एक तळून घातला.

जेवणं झाली तशी लेक जुन्या सवयीनं घड्याळाकडं बघायला लागली. पाचची गाडी मिळेल का, असं हळूच मला विचारलं. उत्तर मालकांनी दिलं. ते मागच्या अंगणात पातेल्यापाशी वाकून बसले होते, जावई शेजारी उकिडवा.

"गाळ खाली बसायला रात जाती म्हणतोय ह्यो. सकाळी निवळ पाण्याचा ब्रिक्स घ्यायचाय. आज कुठली गाडी?"

मी फडताळातनं गोधड्या काढल्या.